हेळसांड झालेला बेट्टा घरी बरा करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणीतरी "आता तूच बघ याचं" म्हणत बरणीतला फायटर मासा (म्हणजेच बेट्टा) हातात ठेवतं आणि तिथून प्रश्न सुरू होतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून इथे एकत्र केले आहेत. औषधांची कितीही घाई झाली असली तरी प्रश्न २ ते ५ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. निम्म्याहून जास्त त्रास पाण्याचाच असतो आणि पाणी सुधारलं की औषधाची बाटली अनेकदा उघडावीच लागत नाही.

१. मासा तळाशी पडून असतो, रंग उडालाय. हा आजारी आहे की नुसता हाल झाल्यामुळे असा दिसतोय?

थंड पाणी आणि साचलेला अमोनिया, एवढ्या दोन गोष्टींनीच बेट्टा असा दिसू लागतो. तो मूळचा थायलंडकडच्या उथळ, झाडोऱ्याच्या पाण्यातला. त्याला २५ ते २८ अंश सेल्सिअसचं पाणी लागतं. २०-२१ अंशांत त्याचं पचन आणि प्रतिकारशक्ती दोन्ही मंदावतात. अंगाला चिकटलेले पर, फिका रंग, अंगावर उमटलेल्या आडव्या पट्ट्या (मादीत जास्त दिसतात), मेलेली भूक ही सगळी ताणाची लक्षणं आहेत. त्यावरून एखाद्या रोगाचं नाव घेता येत नाही.

रोगाच्या खुणा वेगळ्या असतात : अंगावर मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके, सोनेरी भुकटीसारखा थर, पांढुरका भुरा डाग, उभे राहिलेले खवले, सुजलेला डोळा, सतत वेगाने उघडमीट होणारे कल्ले. खोली अंधारी करा आणि टॉर्च बाजूने, तिरकी धरून पाहा. समोरून प्रकाश टाकला तर यातलं निम्मं दिसत नाही.

आणि हो, पानावर आडवं होऊन झोपणं किंवा मधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेणं हा आजार नाही. बेट्टाला लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो, त्याने तो थेट हवेतून श्वास घेतो. घोट घेण्यासाठी वर येताना धडपडत असेल, तर मात्र काळजीचं.

२. घरी आणल्यावर पहिल्या तासाभरात काय करायचं?

शक्य तितकं कमी. दिवा मंद करा, खायला घालू नका, औषध घालू नका. जुन्या पाण्याचं तापमान मोजा आणि जमलं तर अमोनिया आणि पीएच तपासा. या आकड्यांवर पुढचा वेग ठरतो. दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. आठवड्याने "सुधारतोय का?" असा प्रश्न पडेल तेव्हा आठवणीपेक्षा फोटो खरं सांगतो. जाळी वापरू नका, फाटके पर तिच्यात आणखी अडकतात. पेल्याने किंवा छोट्या डब्याने पाण्यासकट उचला.

३. घाणीतून काढून सरळ स्वच्छ पाण्यात सोडला तर?

वाचवायला म्हणून केलेल्या या एका कृतीने बरेच मासे जातात. महिनोन्महिने न बदललेलं पाणी आम्लधर्मी होत जातं. आम्ल पाण्यात अमोनिया बहुतांशी अमोनियमच्या रूपात असतो आणि तो तुलनेने कमी घातक असतो. अशा बरणीत जास्त पीएचचं ताजं पाणी भसकन ओतलं की तोच अमोनियम विषारी अमोनियात बदलतो. पाणी दिसायला स्वच्छ झालं आणि मासा तासाभरात उलटा, असं होतं ते यामुळे.

म्हणून आधी जुन्या पाण्यात अमोनिया बांधून ठेवणारं वॉटर कंडिशनर घाला. मग दर दहा मिनिटांनी थोडं जुनं पाणी काढायचं आणि तेवढंच नवं घालायचं, असं तास-दोन तास करा. शेवटी मासा पेल्याने नव्या टँकमध्ये सोडा, जुनं पाणी आत जाऊ देऊ नका. तापमानालाही हीच सबुरी : २० अंशांतला मासा २७ वर एकदम नेऊ नका, तासाला एखाददुसरा अंश वाढवा.

मासा पिशवीतून किंवा दुकानातल्या छोट्या कपातून आला असेल आणि पाण्यात तो दोन-चार दिवसच असेल, तर पीएचमधला फरक सहसा इतका नसतो. तेव्हा तापमान जुळवून अर्ध्या-पाऊण तासात काम उरका. त्या पाण्यात त्याला रेंगाळू देण्यात काही हशील नाही.

४. उपचारासाठी टँक केवढा लागतो आणि आत काय ठेवायचं?

उपचारापुरता १० लिटरचा चालतो, कायमचं घर किमान २० लिटरचं असावं. तळ मोकळा ठेवा, खडी नको. विष्ठा आणि उरलेलं खाणं दिसलं पाहिजे आणि लगेच काढता आलं पाहिजे. अशक्त माशासाठी पाण्याची खोली १५ सेंटीमीटरच्या आत ठेवा, म्हणजे हवेसाठी वर येताना त्याची दमछाक होत नाही. थर्मोस्टॅटवाला हीटर आणि वेगळा थर्मामीटर दोन्ही हवेत. हीटरवरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर पुरतो, हवा मात्र इतकी कमी करा की मासा प्रवाहात ढकलला जाणार नाही. झाकण हवंच, कारण बेट्टा उडी मारतो. पाणी आणि झाकण यांच्यात दोन-तीन सेंटीमीटर जागा सोडा. लपायला आणि टेकायला पृष्ठभागाजवळ एखादं रुंद, मऊ पान असू द्या. प्लॅस्टिकच्या टोकदार झाडांनी पर फाटतात.

फुलदाणीत मुळं सोडलेलं झाड आणि खाली बेट्टा, ही शोभेची कल्पना ज्याने काढली त्याने बेट्टा काय खातो हे पाहिलेलं नसावं. तो मुळं खात नाही, किडे खातो.

५. नवा टँक "सायकल" झालेला नाही. मग पाणी किती वेळा बदलू?

माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. ही मंडळी फिल्टरमध्ये पुरेशी वस्तीला यायला (यालाच टँक "सायकल" होणं म्हणतात) साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर त्यांचं काम तुम्हाला बादलीने करायचं आहे.

तपासणी किट असेल तर अमोनिया किंवा नायट्राइट ०.२५ पीपीएमला (लिटरला मिलिग्रॅम) पोचलं की पाणी बदला. किट नसेल तर रोज तिसरा हिस्सा ते निम्मं बदला. पट्ट्यांपेक्षा थेंबांचं किट जास्त भरवशाचं. नवं पाणी क्लोरीन काढलेलं (प्रश्न ६) आणि तापमान जुळवलेलं हवं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर स्थिरावले आणि नायट्रेट दिसू लागलं, की आठवड्याला पाव हिस्सा बदलणं पुरे.

ओळखीच्या कुणाचा निरोगी, जुना टँक असेल तर त्यातला वापरता स्पंज मागून आणा. वाट पाहण्याचे आठवडे कमी होतात. स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. टँकमधून काढलेल्या पाण्यातच तो पिळा.

६. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातो ना?

क्लोरीन जातो, क्लोरामाइन जात नाही, आणि काही ठिकाणी पाणी शुद्ध करायला क्लोरामाइन वापरतात. तेव्हा ॲंटिक्लोरीन घालणंच बरं. साधं ॲंटिक्लोरीन म्हणजे सोडियम थायोसल्फेट. ते क्लोरामाइन फोडतं, पण त्यातला अमोनिया मागे राहतो. तिथे अमोनिया बांधणारं कंडिशनर घ्या. आरओचं पाणी एकटं वापरू नका. त्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे पीएच डळमळतो.

७. हाडकुळा झालाय अगदी. भरपूर खायला घालू का?

नको. पहिला दिवस उपाशी ठेवा. दुसऱ्या दिवशी पाणी २६-२७ अंशांवर असेल तरच दोन-तीन बारीक दाणे पाण्यात भिजवून द्या. गार पाण्यात खाल्लेलं पोटात तसंच पडून राहतं. नंतर खंगलेल्या माशाला दिवसातून तीन-चार वेळा चिमूटभर द्यावं, एरवी दोनदा पुरे. पाच मिनिटांत न खाल्लेलं ड्रॉपरने काढून टाका.

फ्रोझन डॅफ्निया, आर्टेमिया, ब्लडवर्म हे पाण्यातले बारीक जीव वितळवून दिलेले चांगले. ब्लडवर्म रोज नको. ट्युबिफेक्स नावाचे किडे गाळात, सांडपाण्यात वाढतात. आधीच दुबळ्या माशाला ते देण्यात शहाणपण नाही.

तोंडच लावत नसेल तर घाबरू नका. ताणाखालचा मासा काही दिवस खात नाही. दाणा तोंडात घेऊन थुंकणं हेही नेहमीचं, त्याला अजून दाणा म्हणजे खाणं हे कळलेलं नसतं. हलणारी जिवंत डॅफ्निया दिली की बरेचदा तिथेच गाडी सुरू होते.

८. पर झिजलेत. हा फिन रॉट (पर सडणं) आहे, फाटलेत, की तो स्वतःच चावतोय?

कड पाहा. सडत असलेल्या पराची कड काळपट, लालसर किंवा पांढुरकी असते, वेडीवाकडी असते आणि दर दोन-तीन दिवसांनी अंगाकडे सरकते. फाटलेल्या पराची चीर सरळ असते, रंग कडेपर्यंत शाबूत असतो. चावलेला पर एका रात्रीत गायब होतो. तुकडा अर्धगोल निघालेला असतो आणि तोही शेपटीतूनच, जिथे त्याचं तोंड पोचतं. लांब, जड शेपटीच्या जातींत आणि जोराच्या प्रवाहात हे जास्त दिसतं. तिथे औषध निरुपयोगी. प्रवाह कमी करा, लपायला जागा द्या.

खरा फिन रॉट एरोमोनास, स्यूडोमोनास अशा जिवाणूंमुळे होतो. हे जिवाणू पाण्यात असतातच, मासा दुबळा झाला की त्यांचं फावतं. म्हणून सौम्य फिन रॉटला दोन आठवडे फक्त उबदार, स्वच्छ पाणी द्या. हवं तर मीठ (प्रश्न ९). जंगली बदामाच्या झाडाची सुकलेली, फवारणी न झालेली पानं टाकली तर पाणी चहाच्या रंगाचं होतं. त्यातले टॅनिन सौम्यपणे मदत करतात, पण पाणी बदलण्याला ते पर्याय नाहीत.

भरून येतोय हे कसं कळतं? जुन्या कडेपुढे कांद्याच्या पापुद्र्यासारखी पारदर्शक, बिनरंगाची किनार येते. ती पाहून अनेक जण "आता बुरशी लागली" म्हणून औषध ओततात! बुरशी असली तर धागे सुटलेले आणि लोंबणारे दिसतात. नवी किनार सपाट असते आणि पराबरोबर फडफडते. ती आठवडा-दोन आठवड्यांत दिसू लागते, रंग नंतर भरतो. लांब पर पूर्ण यायला काही महिने लागू शकतात आणि ते थोडे वाकडे किंवा वेगळ्या छटेचेही येतात. सड अंगाला भिडली असेल तर पराचे काटे परत येत नाहीत, आणि तिथे वाट पाहू नये. प्रश्न १० पाहा.

९. मीठ घालू का? किती? आणि एप्सम सॉल्ट म्हणजे तेच ना?

दोन्ही वेगळी. साधं मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, बाकी काही न मिसळलेलं. लिटरला १ ते २ ग्रॅम, सात ते दहा दिवस. वजन करून घ्या, वेगळ्या पाण्यात पूर्ण विरघळवा आणि दिवसभरात दोन-तीन हप्त्यांत घाला. मीठ वाफेने उडत नाही. त्यामुळे पाणी बदलताना जेवढं पाणी काढलं तेवढ्याच हिशोबाने ते परत घालायचं. नाहीतर रोज पुरा डोस घालून चौथ्या दिवशी खारं पाणी तयार होतं. नायट्राइट वाढलं असेल तेव्हा मिठाचा खास उपयोग, क्लोराइडमुळे ते कल्ल्यांतून आत शिरायला अटकाव होतो. कायमचं मीठ मात्र नको, बेट्टा गोड्या पाण्यातला मासा आहे. जिवंत झाडंही त्याने खराब होतात.

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. ते बद्धकोष्ठ आणि सूज यांसाठी, १० ते २० लिटरला ५ ग्रॅम. पर सडण्यावर त्याचा उपयोग नाही.

१०. मग औषध कधी? कुठलं?

रोगाचं नाव सांगता येईल तेव्हाच. एकेका रोगाला पाण्याचं तापमानसुद्धा उलटसुलट लागतं, त्यामुळे "सगळ्यांवर एक" बाटली ही सगळ्यात महाग चूक.

*पांढरे ठिपके (इच) :* परजीवी. अंगावर असताना त्याच्यावर औषध लागू पडत नाही, पाण्यात मोकळा पोहताना पडतं. तापमान हळूहळू २९-३० अंशांपर्यंत नेलं की त्याचं चक्र वेगाने फिरतं. ठिपके गेल्यावरही औषध आणखी काही दिवस चालू ठेवा.

*सोनेरी भुकटी (व्हेल्वेट) :* हाही परजीवी, आणि जास्त घाईचा. मासा वस्तूंना अंग घासतो, पर मिटून बसतो. हा परजीवी काही प्रमाणात प्रकाशावर जगतो, म्हणून टँक झाकून अंधार करा. तांब्याची औषधं चालतात, पण गोगलगायी आणि कोळंबी त्यांनी मरतात.

*पाठीवर किंवा तोंडाशी पांढुरका भुरा डाग :* बुरशी वाटते, पण अनेकदा कोलम्नारिस नावाचा जिवाणू असतो. उबेत तो झपाट्याने पसरतो. इथे इचसारखं पाणी तापवलंत तर रोगालाच मदत होते. २४ अंशांच्या आसपास आणा आणि लगेच जिवाणूविरोधी औषध सुरू करा.

मिथिलीन ब्लू खऱ्या बुरशीवर चांगलं. मात्र फिल्टरमधले जिवाणू त्याने मरतात, म्हणून ते वेगळ्या भांड्यातच वापरा. एका वेळी एकच औषध, फिल्टरमधला कार्बन काढून, आणि कोर्स पुरा. घरात उरलेली माणसांची ॲंटिबायोटिक कॅप्सूल अंदाजाने फोडू नका. मासे पाहणारे पशुवैद्य असतात, त्यांना प्रश्न २ मधले फोटो पाठवा.

११. पोट फुगलंय आणि एका कुशीवर तरंगतोय.

बहुधा जास्त खाणं किंवा बद्धकोष्ठ. दोन-तीन दिवस उपास, पाणी २७ अंश, मग डॅफ्निया. वाटाणा भरवायचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण किडे खाणाऱ्या माशाला त्याची गरज नाही. पाणी आणखी उथळ करा. तरंगताना पाठ पाण्याबाहेर राहत असेल तर तिथली त्वचा सुकून जखम होते, ते पाहत राहा. काही मासे कायमचे वाकडे पोहतात आणि तरी खाऊन-पिऊन मजेत जगतात.

१२. वरून पाहिलं तर खवले उभे दिसतात.

हा ड्रॉप्सी. हे एक लक्षण आहे : मूत्रपिंडांचं काम कोलमडून अंगात पाणी साठलं, याची खूण. एप्सम सॉल्ट, स्वच्छ पाणी आणि जिवाणूविरोधी औषध करून पाहता येतं, पण खवले सगळीकडे उभे राहिल्यावर वाचणारे मासे थोडेच. नुसतं पोट मोठं आणि खवले सपाट असतील तर प्रश्न ११.

१३. डोळा सुजलाय. आणि दुसऱ्या एका माशाच्या डोळ्यावर चंदेरी पडदा आलाय, तो मोतीबिंदू का?

एकच डोळा सुजला तर बहुधा मार लागलेला असतो. दोन्ही सुजले तर पाणी किंवा आतला संसर्ग. चंदेरी पडद्याचं वेगळं आहे. जाड, चकाकत्या खवल्यांच्या ड्रॅगनस्केल जातींत खवल्यांचा तो थर वयानुसार डोळ्यावर चढतो. ते आनुवंशिक आहे, औषध नाही, वेदनाही दिसत नाहीत. दिसणं कमी झाल्याने खाणं रोज एकाच कोपऱ्यात, त्याच वेळी टाका, तो शिकतो.

१४. बुडबुड्यांचं घरटं केलं! म्हणजे बरा झाला ना?

चांगलं चिन्ह आहे, पण दाखला नव्हे. नर वयात आला की घरटं बांधतो, घाण बरणीतही बांधतो. न बांधणारे ठणठणीत नरही असतात. त्यापेक्षा भूक, पर उघडे ठेवणं आणि तुम्ही जवळ गेलात की काचेशी येणं यांकडे पाहा.

१५. मोठ्या टँकमध्ये कधी हलवू?

किमान चार आठवडे वेगळा ठेवा. औषध संपून दोन आठवडे नवं लक्षण नसावं आणि खाणं नियमित असावं. तोवर जाळी, नळी, बादली सगळं वेगळं. दुसऱ्या बेट्टाबरोबर ठेवायचा विचारच नको, "आता बरा झालाय" तरी.

१६. दुकानात कपात मरायला टेकलेला दिसला. विकत घेऊन वाचवावा का?

यावर भांडणं होतात, तर माझं मत सांगतो. पैसे मोजले की त्या कपात उद्या दुसरा मासा येतो. दुकानदाराच्या वहीत तुमची दया आणि दुसऱ्याची हौस एकच विक्री असते. फुकट देत असतील तर घ्या. नाहीतर पाणी आणि तापमान यांबद्दल तिथेच शांतपणे बोला. घरातल्या, शेजारच्या, सोडून दिलेल्या माशांची मात्र कधीच कमी नसते. घेण्याआधी वय लक्षात घ्या : बेट्टा साधारण दोन ते चार वर्षं जगतो आणि पूर्ण पर आलेला नर विकायला येतो तेव्हाच काही महिन्यांचा असतो. म्हातारा मासा बरा होऊनही थोडेच महिने राहील.

१७. वाचणार नाही हे दिसतंय. त्रास न होता कसं सोडवू?

पशुवैद्य मिळाला तर त्याच्याकडे. नाहीतर लवंग तेल. लिटरमागे किमान अर्धा मिलिलिटर तेल थोड्या कोमट पाण्यात बाटलीत खूप हलवून दुधाळ करा. मासा त्याच्याच टँकच्या एक लिटर पाण्यात घ्या आणि ते हळूहळू ओता. तो आधी बेशुद्ध होतो. कल्ले पूर्ण थांबल्यावरही अर्धा तास तसाच ठेवा. फ्रीझरमध्ये ठेवणं, संडासात सोडणं किंवा पाण्याबाहेर ठेवणं यांत यातना आहेत.

१८. आजारी माशापासून मला काही होऊ शकतं का?

क्वचित, पण होऊ शकतं. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जिवाणू माशांत "फिश टीबी" करतो : खाऊनही खंगत जाणं, पोट आत जाणं, पाठ वाकणं, न भरणाऱ्या जखमा. माणसाच्या हातावर कापलेलं असेल तर तिथून तो शिरतो आणि काही आठवड्यांनी बोटावर किंवा मनगटावर न दुखणारी, न भरणारी गाठ येते. हातावर जखम असेल तर हातमोजे घाला, तोंडाने नळी ओढू नका, नंतर साबणाने हात धुवा. अशी गाठ आलीच तर डॉक्टरांना "फिशटँकमध्ये हात घालतो" हे स्वतःहून सांगा. ते कळल्याशिवाय निदान लांबतं. औषधांनी ती बरी होते, पण कोर्स बरेचदा काही महिन्यांचा असतो.

मासा या संशयाने गेला असेल तर स्पंज आणि पानं फेकून द्या, टँक आणि हीटर धुऊन, कोरडे करून ७० टक्के अल्कोहोलने पुसा. हीटर आधी प्लगमधून काढून गार होऊ द्या आणि अल्कोहोल पूर्ण उडून गेल्याशिवाय पुन्हा लावू नका.